शिगुलाबाईच्या परत गेलेल्या बांगड्या

भुताखेतांचा माझा अनुभव एवढाच, की भायखळ्याला आमच्या चाळीच्या जिन्यात तिन्हीसांजेला जी पांढरी बाई दिसायची, ती मी होते. आईची धुतलेली साडी डोक्यावरून घ्यायची, कोळशाच्या पोत्यामागे उभं राहायचं, आणि खालच्या मजल्यावरच्या मावशी वर यायला लागल्या की हळूच उसासा टाकायचा. दोनदा त्यांच्या हातातली दुधाची लोटी सांडली. तेव्हा या सदरात ज्या भगिनी हडळींबद्दल लिहितात, त्यांनी राग मानू नये. माझा विश्वास बसत नाही. मी त्याच धंद्यातली.

तरी हे लिहायला बसले, कारण एक गोष्ट साठ वर्षं घशात अडकून आहे. त्यात भूत नाही, उसासा नाही. कोकणातल्या एका वाण्याची खातेवही आहे, आणि मी मारलेली एक थाप आहे. पुढे त्या थापेचं काय झालं ते वाचा, नि मग तुम्हीच सांगा.

साल १९६३, उन्हाळा. आम्ही मुंबई सोडून इस्राएलमध्ये आलो होतो आणि लोद गावात, स्टेशनच्या मागच्या शिकूनमध्ये, म्हणजे वसाहतीत राहायचो. सरकारी बिल्डिंग, दुसरा मजला, दोन खोल्या, आणि गॅलरीतून दिसणारी एक मालगाडी, जी माझ्या आठवणीत कधी हलली नाही. मी शिवणाच्या फॅक्टरीत शर्टांना कॉलर लावायचे. वय बावीस, अक्कल साधारण बारा.

नईम बगदादचा यहुदी. एअरपोर्टच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. बसमध्ये एकाच दांड्याला धरून उभे होतो, तर पहिलं वाक्य काय बोलावं त्याने? "तुझा हात माझ्यापेक्षा रुंद आहे." याला प्रेमात पडणं म्हणतात हे मला कुठून कळणार? मी त्याच्या खांद्यावर एक दिली. त्याने हाताच्या रुंदीची खात्री करून घेतली, आणि दुसऱ्या दिवशी तीच बस पकडली.

आता जुन्या वाचकांना सांगायला नको, पण नव्यांसाठी सांगते. त्या वर्षांत आपल्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या यहुदी मुलीने दुसऱ्या यहुदी जमातीत लग्न करायचं म्हटलं, की नोंदणी कचेरीत प्रश्न सुरू व्हायचे. तुझी आई कोण? तिची आई कोण? तिची आई? ती खरोखर यहुदीच होती याला पुरावा काय? पुढे ते सगळं मिटलं, पण माझं लग्न नेमकं मिटायच्या अगोदरचं.

नईमची आई चांगली बाई होती, पण घाबरट. म्हणायची, "कागद झाला की हॉल बघू. नाही झाला तर..." आणि पुढे काही न बोलता चहा ओतायची. त्या 'तर'मध्ये माझा जीव टांगलेला.

आईला विचारलं. आई म्हणाली, "माझी आई मला तीन वर्षांची ठेवून गेली. मला वाढवलं तिच्या आईने. पलटणवाली आजी."

"हो, पण तिचं नाव?"

"पलटणवालीच म्हणायचे गं सगळे. नवरा पलटणीत, बर्मात. ती अलिबागेकडे गावात एकटी."

"आई, तू तिच्या मांडीवर वाढलीस आणि तिला नाव विचारलं नाहीस?"

"तू मला कधी विचारलंस मला दुपारी भूक लागते का म्हणून?" आई म्हणाली. तो विषय तिथे संपला.

पपांनी गावी मामाला, आईच्या चुलतभावाला, पत्र टाकलं. मामाचं उत्तर आलं, की मशिदीतलं रजिस्टर वाळवीने खाल्लं. (आपले जुने लोक सिनेगॉगला मशीदच म्हणायचे, ते नवीन मुलांनी समजून घ्यावं.) पण पलटणवाली आजीच्या घराला लागून वाण्याचं जनरल स्टोअर होतं, राणीच्या राज्यापासूनचं. त्याच्या माळ्यावर जुन्या खातेवह्या आहेत. नवरा दूर असल्यामुळे खातं तिच्याच नावावर असणार. वाण्याचा नातू म्हणाला, घेऊन जा, नाहीतरी उंदीर वाचतायत. मामाने त्यातल्या त्यात साल बघून एक वही निवडली आणि मुंबईहून येणाऱ्या एका कुटुंबाबरोबर पाठवून दिली.

लांबुळकी वही, तांबडं कापड, वरून सुतळी. आईने पाटावर ठेवली, आम्ही तिघं भोवती बसलो, पपांनी सुतळी सोडली... आणि बघतो तर काय! सगळी वही मोडीत! मुंग्यांनी शाईत पाय बुडवून वरात काढावी तसं अक्षर. कुठे शब्द संपतो, कुठे सुरू होतो, देव जाणे. आईला देवनागरी येत होतं, पपांना इंग्रजी, मला दोन्ही आणि थोडं हिब्रू. मोडी आमच्या घरात कोणालाच नाही. आणि कचेरीची तारीख तिसऱ्या दिवशी.

"नुसती दाखवू," पपा म्हणाले. "जुनी आहे हे तर दिसतंच."

असा आमचा पुरावा.

कचेरीतले रव, म्हणजे धर्मगुरू म्हणा किंवा साहेब म्हणा, म्हातारे होते. जाड चष्मा, ग्लासात काळा चहा. वाईट माणूस नव्हता. त्याला जे विचारायला सांगितलं होतं ते तो विचारत होता, आणि विचारताना माझ्याकडे न बघता चहाकडे बघत होता. नईम बाहेर बाकावर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला. आत मी आणि पपा.

रवनी वही उघडून उलटी धरली. मग सुलटी धरली. "ही कोणती लिपी?"

"मोडी."

"तुला वाचता येते?"

आता इथे उत्तर एका शब्दाचं होतं. शाळेतल्या पोरालाही दिलं असतं. मी म्हटलं, "येते की!"

शेजारी पपांनी एवढा मोठा श्वास आत घेतला, की मला वाटलं आता टेबलावरचे कागदही जातील.

"वाच."

मी पानं उलटली. एका पानावर तेलाचा मोठा डाग होता. आपले लोक कोकणात तेलाचे घाणे चालवायचे, शनिवार आपला विश्रांतीचा पवित्र दिवस, त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गाव आपल्याला शनिवार तेली म्हणायचं. तेव्हा मी ठरवलं, की तेलाचं पान ते आपलंच. अशी माझी संशोधनाची पद्धत! त्यावर बोट ठेवलं आणि आमच्या चाळीतला वाणी उधारी वाचायचा तसा नाकात सूर लावला. अगोदर मराठीत एक ओळ, मग तिचं हिब्रू.

पहिली ओळ नावाची हवी. मला म्हणायचं होतं हन्नाबाई. साधं, सगळ्यांना पटेल असं. तोंड हन्ना म्हणायला उघडलं होतं, मला पक्कं आठवतं. बाहेर पडलं, "शिगुलाबाई, पलटणवाली."

शिगुला! आमच्या घरात, शेजारात, फॅक्टरीत त्या नावाचं कोणी नव्हतं. पण एकदा निघालं ते निघालं. मी पुढे सुटले. रविवारी मीठ. मंगळवारी खोबरेल. शुक्रवारी सामान दुप्पट. शनिवारी काही नाही. पुन्हा रविवारी काडेपेटी.

"शनिवारी दुकान बंद असेल," रव म्हणाले.

"वाण्याचं दुकान, रव. शनिवारी उघडंच. हीच बाई येत नव्हती."

त्यांनी चहा बाजूला सरकवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ते बघून मला जोर चढला. मी म्हटलं, "हे पोहे, नारळ, गूळ, वेलदोडे, एका दिवशी एकदम." आणि त्यांना एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताच्या नवसाचा मलिदा समजावून सांगितला. नवस कसा करतात, ताट कसं मांडतात... ते सगळं लिहून घेत होते.

"आणखी?"

आता आणखी काय सांगणार? माझं सामान संपलं होतं. मी पानाकडे बघितलं तर पानावर माझाच हात, फावड्यासारखा. म्हटलं, "हिरव्या बांगड्या, एक डझन. परत. हात रुंद."

रवनी माझ्या हाताकडे बघितलं आणि चक्क हसले. मला वाटलं, काय कलाकार आहे मी!

हा आनंद अर्धा मिनिट टिकला असेल. रवनी आपला कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं, जोडावर सही केली. मी वाचलेल्या पानात एक चिठ्ठी घालून वही माझ्या हातात दिली. "चांगलं आहे. आता दुसऱ्या कोणी वाचायला हवं. नातेवाईक नको. त्याने हे पान वाचून, काय लिहिलंय ते लिहून सही करायची. मग मी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवीन. आहे असा माणूस?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं. पण पपा! इतका वेळ गप्प बसलेले पपा, घाबरलेला खरा माणूस बोलतो तसं भडाभडा बोलून गेले. "आहेत ना! अश्केलोनचे हायमकाका. नात्यातले नव्हेत, नुसतं काका म्हणतो. अलिबागेच्या कचेरीत रेकॉर्डकीपर होते. मोडी त्यांना तोंडपाठ!"

जिन्यात मी पपांना म्हटलं, "तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"त्यांनीच विचारलं," पपा म्हणाले. "आणि तू? तुला कोणी शिकवली गं मोडी?"

मला तेव्हाच आठवलं होतं, की मलिद्याच्या सामानात मी खजूर विसरले. खजुराशिवाय मलिदा! थाप मारावी तर निदान पुरती मारावी.

घरी पपांनी आईला काही सांगितलं नाही, मी तर नाहीच नाही. चार दिवस मी कॉलर उलट्या लावल्या. सुपरवायझरने दोन डझन शर्ट उसवायला लावले. मनात एकच... कागद जुळणार नाहीत. मग माझं लग्न तर जाईलच, वर 'बेने इस्राएल मुली खोटे पुरावे आणतात' असंही होईल. माझ्यामागे रांगेत आणखी मुली होत्या, त्यांना काय तोंड दाखवू?

शुक्रवारी सकाळी नईमबरोबर अश्केलोनची बस पकडली. रेहोवोतपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते. मग म्हटलं, "नईम, मला मोडी येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे ते सगळं मी मनाचं सांगितलं."

"शनिवारचं?"

"मनाचं."

"बांगड्यांचं?"

"तेही."

बसमध्ये एक बाई कोंबड्या घेऊन बसली होती, त्याच काय त्या बोलत होत्या. शेवटी म्हणाला, "बांगड्यांचं छान होतं." मग थोड्या वेळाने, "म्हाताऱ्याने वही उघडायच्या आत त्याला खरं सांग. आपण जाऊन रवची माफी मागू. पुढचं पुढे."

त्या क्षणी मला कळलं की या माणसाशी लग्न करायलाच हवं, आणि आता ते होणार नाही.

हायमकाका म्हणजे सहा फूट उंच, कडक इस्त्री, अश्केलोनच्या उन्हात गळ्याशी बटण लावलेलं. घरात एकटे. आम्हाला सरबत दिलं, खुर्ची दिली, चष्मा पुसला. मी म्हटलं, "काका, वही उघडायच्या आधी मला जरा..."

"गप बस. मी रेकॉर्ड वाचताना कोणी बोलायचं नाही."

"पण काका..."

"कलेक्टरसाहेबसुद्धा बोलायचे नाहीत! तू कोण लागून गेलीस?"

रवची चिठ्ठी काढून त्यांनी बाजूला ठेवली, पान सपाट केलं, नाक पानाला टेकेल एवढे वाकले. मी डोळे मिटून घेतले. नईमने माझी करंगळी धरली.

"शि-गु-ला-बाई," काका म्हणाले. "पलटणवाली."

मी डोळे उघडले. माझ्या हातून सरबत माझ्याच मांडीवर सांडलं.

"रविवार, मीठ. मंगळवार, खोबरेल तेल. शुक्रवार... बरंच आहे. डाळ, तांदूळ, तेल." ते वाचत होते आणि फाउंटन पेनने इंग्रजीत लिहीत होते, रेकॉर्डकीपरच्या वळणदार अक्षरात. मध्येच बोटाने ओळी मोजल्या. "शनिवार एकही नाही. आपलीच बाई." मग, "पोहे, नारळ, गूळ, वेलदोडे. अरे वा, मलिदा!" आणि थांबले. चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खजूर नाही. मलिदा करायचा आणि खजूर आणायचा नाही? विसरली वाटतं बाई."

मला हसू फुटलं. रडूही. दोन्ही एकदम आलं की कसा आवाज निघतो ते मला त्या दिवशी कळलं. अश्केलोनच्या कोंबड्यांनाही कळलं असेल. नईमला मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तो घाबरून विचारत होता, "काय म्हणाला? काय म्हणाला?"

"थांब," मी म्हटलं. "थांब, अजून एक राहिलंय."

काका शेवटच्या ओळीवर आले. इथे ते जरा जास्त वेळ वाकले. "हिरव्या बांगड्या, डझन एक. परत." पेन थांबलं. "हात रुंद."

माझ्या छातीवरचा चार दिवसांचा दगड कोणीतरी उचलून बाजूला ठेवला. असं हलकं मला त्यानंतर फक्त बाळंतपणानंतर वाटलं, तेही पहिल्याच. मी नईमच्या गळ्यात पडले. काकांच्या समोर, ओल्या स्कर्टनिशी! काकांनी भिंतीकडे तोंड करून सही केली.

मग मी त्यांना खरं सांगितलं. आता सांगायला काय जात होतं? त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढला. म्हणाले, "उगाच काहीतरी बोलू नकोस. वाचलंस तू. कधीतरी लहानपणी शिकली असशील नि विसरली असशील."

"काका, देवाशप्पथ नाही. हे अक्षर काय आहे तेही सांगता येणार नाही मला."

त्यांनी मला दोन-तीन अक्षरं दाखवली. मला खरंच येईना. ते पुन्हा पानाकडे बघत बसले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी चाळीस वर्षं हिशेबाची कागदपत्रं बघितली. माल परत आला तर वाणी 'परत' लिहितो. का परत आला ते कधी लिहीत नाही. त्याला काय करायचंय कोणाचा हात किती रुंद?"

काकांनी मला दुसरं सरबत दिलं.

कचेरीत रवनी दोन कागद शेजारी ठेवले. इंग्रजी वाचणारा एक कारकून बोलावला. तो वाचत गेला आणि रवचं बोट त्यांच्या कागदावरून एकेक ओळ खाली सरकत गेलं. मीठ, तेल, शुक्रवार, पोहे, नारळ. शेवटच्या ओळीशी बोट थांबलं आणि ते म्हणाले, "मज़ल टोव." म्हणजे अभिनंदन. त्यांना मी खरं सांगितलं नाही. सांगणार होते, पण नईमने टेबलाखाली पायावर पाय दिला. आणि सांगणार तरी काय? की मी तुम्हाला खोटं सांगितलं, फक्त ते खरं होतं?

१९६४च्या वसंतात लग्न झालं. नईमच्या आईने स्वतः हॉल बघितला. आईला तोवर सगळं सांगून टाकलं होतं; लग्नाआधी आमच्याकडे मलिदा केला, त्यात तिने खजूर दुप्पट घातला. म्हणाली, "एक तिचा." बांगड्या मुंबईहून मागवल्या होत्या, मोठ्यात मोठं माप. तरी चढेनात. आई साबण लावून माझा हात चेपत होती, मी ओरडत होते. मध्येच आई थांबली. माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून बसली आणि म्हणाली, "आजी मला थोपटायची ना, तर अख्खी पाठ एका हातात मावायची. विसरलेच होते मी."

म्हणजे हात रुंद होता. ते आईला ठाऊक होतं, पण तिने मला कधी सांगितलं नव्हतं. तिलाच आठवत नव्हतं, तर सांगणार कशी? आणि नाव तर तिलाही ठाऊक नव्हतं.

स्पष्टीकरणं पुष्कळ मिळाली. आई म्हणायची, एलियाहू हन्नाबी. पपा म्हणायचे योगायोग, आणि घाईघाईने दुसरा विषय काढायचे. नईमचं म्हणणं, मी लहानपणी कोणाच्या तरी गप्पा ऐकल्या असणार. कोणाच्या? त्या पानावर काय आहे ते गावात मामालासुद्धा माहीत नव्हतं. आणि तेलाचा डाग बघून मी पान निवडलं होतं, हे विसरू नका.

लग्नानंतर मी हट्टाने हायमकाकांकडे मोडी शिकले, दर महिन्याला एक रविवार. वही अजून माझ्या कपाटात आहे, नातू हात लावायला घाबरतात. मी ती सगळी वाचली आहे. तेल, मीठ, काडेपेटी, नारळ, गावातल्या पन्नास घरांचं. परत आलेला मालही आहे, एक कंदील, एक छत्री, पायताणं. कुठेही कारण लिहिलेलं नाही. फक्त त्या एका पानावर, त्याच शाईत, त्याच हाताने.

मी अजून भुतंखेतं वगैरे मानत नाही. पण एक सवय मात्र सुटली. कोणी जेवायला बोलावलं आणि जायचं नसेल तर पूर्वी मी खुशाल सांगायचे, पाय मुरगळलाय, घरी पाहुणे आहेत, ताप आहे. आता साठ वर्षं सरळ सांगते, की तुमच्याकडचं जेवण मला आवडत नाही. लोक रागावतात. नाती म्हणतात, सव्ता (म्हणजे आजी), जरा खोटं बोलायला शिक.

नको गं बायांनो. मला खोटं बोलायची भीती वाटते. खरं निघालं तर?